मधुमेह आणि चोंदणाऱ्या धमन्या : त्रास सुरू व्हायच्या आत कसं ओळखायचं?

पायवाट (धागाकर्ता)

हा विषय मधुमेहाच्या दुसऱ्या धाग्यावर फारच अवांतर व्हायला लागला, म्हणून इथे वेगळा काढतोय. छातीत दुखत नाही, चालताना पोटऱ्या भरून येत नाहीत, तरी धमन्यांच्या आत थर धरायला लागला आहे का, हे कशावरून कळेल?

पायांपासून सुरुवात करतो. तिथली तपासणी सुई न टोचता, किरण न लावता अर्ध्या तासाच्या आत होते, आणि तरीही ती सर्रास चुकीची केली जाते. पायाच्या धमनीत अडथळा सापडला की हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांकडेही संशयानेच बघायचं असतं. मधुमेहात आणखी एक मेख आहे. चालताना पोटरी दुखणं आणि उभं राहिलं की थांबणं, हे या आजाराचं ठरलेलं लक्षण. पण पायाच्या नसाच बधिर झाल्या असतील तर दुखणार काय? रक्त कमी पडत असतं आणि माणूस मजेत चालत असतो.

तपासणीचं नाव एबीआय. घोट्यातला वरचा दाब भागिले दंडातला वरचा दाब. आकडेमोड चौथीच्या मुलाची, मोजणी मात्र शिकावी लागते.

उताणं झोपवून पाच ते दहा मिनिटं स्वस्थ पडू द्यायचं. आधीचे दोन तास धूम्रपान नको, खोली गार नको. रक्तदाब मोजायच्या पट्ट्याची रुंदी त्या अवयवाच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी. घोट्यावर पट्टा बांधताना त्याची खालची कड हाडाच्या उंचवट्यापासून सुमारे २ सेंमी वर ठेवायची. डॉप्लरची पेन्सिल (ध्वनिलहरींनी धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारी) ८ मेगाहर्ट्झच्या आसपासची, जेल सढळ हाताने, त्वचेशी कोन ४५ ते ६० अंश. पेन्सिल दाबून धरायची नाही. पायाच्या पाठीवरची धमनी इतकी उथळ असते की पेन्सिलीच्याच दाबाने ती मिटते आणि 'नाडी लागत नाही' असं लिहिलं जातं. पट्टा फुगवताना आवाज बंद झाला की आणखी २० मिमी (पाऱ्याचे; पुढे दाबाचे सगळे आकडे याच मापात) फुगवायचं आणि सेकंदाला साधारण २ मिमी या वेगाने हवा सोडायची. पहिला 'हुश्श' परत येईल तो आकडा टिपायचा. घाईने हवा सोडली तर आकडा हमखास खरा असतो त्यापेक्षा कमी येतो.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये मोजणीचा क्रमसुद्धा सांगितला आहे : एक दंड, त्याच बाजूच्या घोट्यामागची धमनी, पायाच्या पाठीवरची धमनी, मग दुसऱ्या पायाच्या दोन्ही, शेवटी दुसरा दंड. आणि पुन्हा पहिला दंड. पहिल्या मोजणीच्या वेळी माणूस बावरलेला असतो. दोन वाचनांत १० मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर पहिलं सोडून द्यायचं, नाहीतर दोन्हींची सरासरी.

उदाहरण घ्या. दंड १३८ आणि १३२. उजवा पाय ११८ आणि १२६. डावा पाय १०४ आणि ९८. भाजक दोन्ही दंडांतला मोठा, म्हणजे १३८. उजवा १२६ ÷ १३८ = ०.९१, डावा १०४ ÷ १३८ = ०.७५. १.०० ते १.४० ठीक, ०.९१ ते ०.९९ काठावर, ०.९० किंवा कमी म्हणजे पायाच्या धमनीचा आजार. इथे डावा पाय आजारी आहे आणि उजव्यावर लक्ष ठेवायला हवं.

१.४० च्या वरचं काय, ते जाणकारांनी लिहावं. खरी गोम तिथेच आहे.

---

बिनसाखर

छान धागा. एक शंका. आता चारही हातापायांना पट्टे बांधून बटण दाबलं की आपोआप एबीआय काढणारी यंत्रं मिळतात. मग पेन्सिल-जेलचा खटाटोप कशाला?

---

पायवाट

@बिनसाखर, ती यंत्रं पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजतात. धमनी धडधाकट असेल तर उत्तर बरोबर येतं. घोट्यातला दाब खूप उतरलेला असेल तर थरथर मंदावते, मग यंत्र एकतर 'एरर' दाखवतं किंवा चढा आकडा देतं. म्हणजे ज्याला सर्वात जास्त गरज, त्याच्याच बाबतीत ते गडबडतं. गर्दीतून माणसं वेगळी काढायला चालेल. पण आकडा १.०० च्या खाली आला, १.३० च्या वर गेला किंवा 'एरर' आली, तर हाताने मोजायचं. आणि 'एरर' म्हणजे 'मशीन बिघडलंय' असं समजून पुढच्या माणसाला बोलवायचं नाही, तो स्वतःच एक निष्कर्ष आहे.

---

तिसरा ठोका

१.४० च्या वरचं मी लिहितो.

धमनीच्या भिंतीचे तीन पदर असतात. चरबीचा थर आतल्या पदरात धरतो आणि वाट अरुंद करतो. मधुमेहात, विशेषतः जोडीला नसांचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर, मधल्या स्नायूच्या पदरात कॅल्शियम साचतं. त्याने वाट अडतेच असं नाही, पण नळी ताठ होते. पायाच्या साध्या एक्स-रेमध्ये अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या लांब हाडांमधून रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर पांढऱ्या रेघा जाताना दिसल्या, तर ही तीच धमनी. एक्स-रे जखमेसाठी किंवा मुरगळण्यासाठी काढलेला असतो. अहवालात हाडाबद्दल चार ओळी असतात, या रेघांबद्दल अक्षर नसतं.

अशी ताठ नळी पट्ट्याने दबत नाही. २५० पर्यंत फुगवलं तरी आवाज चालूच. आपण मोजतो ती भिंतीची अकड, आतल्या रक्ताचा दाब नव्हे. त्यामुळे १.४५ म्हणजे 'उत्तम रक्तपुरवठा' नाही, 'या मापाने सांगता येत नाही' एवढाच त्याचा अर्थ. आणि याहून फसवी गोष्ट : अडथळा आणि ताठरपणा दोन्ही असतील तर एक आकडा खाली ओढतो, दुसरा वर, आणि उत्तर येतं १.०५. कागदावर निरोगी.

म्हणून अंगठा मोजायचा. बोटांच्या बारीक धमन्या या कॅल्शियमपासून बऱ्याच वाचलेल्या असतात. अंगठ्याच्या मुळाशी २.५ सेंमी रुंदीचा छोटा पट्टा, बोटाच्या गराला प्रकाशाने नाडी टिपणारा सेन्सर, बाकी रीत तीच. अंगठ्याचा दाब भागिले दंडाचा दाब म्हणजे टीबीआय, आणि ०.७० किंवा कमी असेल तर आजार धरायचा. वरच्या उदाहरणातल्या दंडाला (१३८) अंगठा ७२ आला तर ०.५२, मग घोट्याचा आकडा कितीही गोंडस असो. नुसता दाब ३० मिमीच्या खाली असेल तर पायावरची जखम भरणं अवघड, तिथे थांबायला वेळ नाही.

चुका कुठे होतात? पाय गार असणे, ही पहिली आणि सर्वात मोठी. गारठ्याने बोटांच्या वाहिन्या आवळतात आणि आकडा उगीच खाली येतो. पाय पांघरुणात ऊबदार करून मगच सेन्सर लावायचा. सेन्सर करकचून चिकटवला तरी तेच होतं. अंगठा नसेल तर शेजारचं बोट चालतं, पट्टा त्या मापाचा हवा.

डॉप्लरचा नुसता आवाज ऐकू नका, आलेख काढा. निरोगी धमनीत तीन भाग दिसतात : झपकन वर, क्षणभर उलट, मग पुन्हा थोडं पुढे. वर कुठे अडथळा असेल तर एकच बुटका, गोलसर, आळशी उंचवटा उरतो. पण नसा बिघडलेल्या पायात वाहिन्या सैलावलेल्या असतात, म्हणून उलटा भाग अडथळा नसतानाही नाहीसा होतो. अशा वेळी चढण बघायची. चढण टोकदार असेल तर वरची वाट बहुधा मोकळी आहे.

---

कंसातला

+१. एक भर. नसा बिघडलेला पाय गरम, कोरडा, शिरा टरारलेला असतो आणि नाडीही कधीकधी जोरात लागते. 'पाय गरम आहे, रक्त उत्तम आहे' हा निष्कर्ष या पायात चालत नाही.

आणि @पायवाट यांच्या गणितावर थोडी हरकत. प्रत्येक पायातल्या दोन धमन्यांपैकी मोठा आकडा घ्यायचा, हे निदानाच्या नियमाला धरूनच आहे. पण मधुमेहातला आजार बऱ्याचदा गुडघ्याखालच्या धमन्यांत असतो आणि त्या एकसारख्या बिघडत नाहीत. घोट्यामागची १३६ आणि पाठीवरची ८८ असेल तर मोठा आकडा दुसऱ्या धमनीचं दुखणं झाकून टाकतो. म्हणून अहवालात नुसता भागाकार नको, सहाही दाब लिहिलेले हवेत.

दोन दंडांत १५ मिमीपेक्षा जास्त फरक सापडला तर तोही सोडून देऊ नका. हाताला रक्त नेणारी धमनी अरुंद झालेली असू शकते. पट्टा तोच, माहिती फुकट.

---

पायवाट

मान्य. सहा आकड्यांचा मुद्दा धाग्याच्या डोक्यावर चिकटवायला हवा.

---

निळी शाई

पाय झाले, आता हृदय. लक्षणं नसलेल्या मधुमेहींसाठी माझ्या मते उपयोगाची तपासणी एकच, कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांतल्या थरात साचलेल्या कॅल्शियमचे गुण. बाकीच्यांबद्दल खाली भांडू.

हा सीटी स्कॅन आहे, पण शिरेत औषध न देता. छातीला ईसीजीच्या तारा, काही सेकंद श्वास रोखायचा, ठोक्याच्या ठरावीक क्षणी ३ मिमी जाडीच्या चकत्या टिपल्या जातात. किरणांचा डोस १ मिलिसिव्हर्टच्या आसपास. गुण काढायची पद्धत आगाटस्टन यांची, १९९० ची. चित्रात १३० हाउन्सफील्ड (सीटीतलं घनतेचं एकक) किंवा जास्त घनता आणि निदान १ मिमी² क्षेत्रफळ असलेला ठिपका मोजायचा. घनता १३० ते १९९ असेल तर क्षेत्रफळाला १ ने गुणायचं, २०० ते २९९ ला २ ने, ३०० ते ३९९ ला ३ ने, ४०० किंवा पुढे ४ ने. म्हणजे ५ मिमी² चा ३१० घनतेचा ठिपका १५ गुण, ४ मिमी² चा १८० चा ठिपका ४ गुण. सगळ्या चकत्यांतली बेरीज म्हणजे स्कोअर. १०० च्या पुढे धोका ठळक, ३००-४०० च्या पुढे बराच मोठा.

आता फसगती. शून्य आला म्हणजे धमनी कोरी, असं नाही. मऊ थरात कॅल्शियम नसतं आणि या स्कॅनला तो दिसत नाही. चाळिशीच्या आत तर शून्यावर फार विसंबू नये. मधुमेहात शून्याची मुदतही इतरांपेक्षा लवकर संपते, तीनेक वर्षांनी पुन्हा बघणं शहाणपणाचं.

दुसरी फसगत टक्केवारीची. 'तुमच्या वयाच्या इतक्या टक्के लोकांपेक्षा जास्त' असं अहवालात छापतात. त्यासाठी 'मेसा' या अमेरिकन अभ्यासाचा गणक हमखास वापरला जातो, पण त्या आकड्यांतून मधुमेहावर उपचार घेणारी माणसं वगळली होती. तुलना भलत्याच गटाशी होते. मूळ गुण बघा.

तिसरी : स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) सुरू असताना दर वर्षी स्कोअर काढू नका. स्टॅटिनने मऊ थर घट्ट होतो, त्यात कॅल्शियम वाढतं, गुण वाढतात, आणि माणूस घाबरून नेमकं ते औषध सोडतो. तसंच स्टेंट बसलेला असेल किंवा झटका येऊन गेला असेल तर हा स्कॅन कशाला? आजार आहे हे ठाऊकच आहे.

---

सव्वा वाजता

मग स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली तर निश्चिंत राहायला हरकत नाही ना? बहुतेक जण वर्षातून एकदा तीच करून मोकळे होतात.

---

निळी शाई

हरकत आहे. ट्रेडमिलवरचा ईसीजी तेव्हाच बदलतो जेव्हा धमनी बरीच अरुंद होऊन धावताना स्नायूला रक्त कमी पडतं. सुरुवातीचा आजार तिथे दिसायचाच नाही. ग्लागॉव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवलं होतं की थर वाढू लागला की धमनी स्वतःच बाहेरच्या बाजूला फुगते आणि वाट जवळपास तेवढीच राहते. थराने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत आतली वाट फारशी घटत नाही. आणि झटका बऱ्याचदा अशा न अडवणाऱ्या थराला तडा गेल्यानेच येतो. अँजिओग्राफीत 'किरकोळ' दिसणारा थर किरकोळ असतोच असं नाही.

उलट बाजूनेही पुरावा आहे. 'डायड' अभ्यासात (२००९) लक्षणं नसलेले १,१२३ टाइप २ मधुमेही होते. निम्म्यांची औषध देऊन हृदयाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी केली, निम्म्यांची नाही. पाचेक वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा हृदयामुळे मृत्यू यांचं प्रमाण २.७ आणि ३.० टक्के, म्हणजे फरक नाही. 'फॅक्टर-६४' मध्ये (२०१४) ९०० जणांपैकी अर्ध्यांची सीटी अँजिओग्राफी केली. तिथेही झटके आणि मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. दोन्ही गटांना मुळात औषधं चांगली मिळत होती. म्हणून 'अडथळा शोधा आणि फुगा मारा' (अँजिओप्लास्टी) हा हेतू असेल तर लक्षणांविना तपासून हाती काही लागत नाही. उपचार किती जोरकस करायचा हे ठरवायला तपासणी करत असाल तर गोष्ट वेगळी.

मात्र धाप लागणं, जबड्यात किंवा पाठीत दडपण, पूर्वी सहज चढता येणाऱ्या जिन्यात अचानक थकवा, यातलं काही असेल तर 'लक्षणं नाहीत' म्हणायचं नाही. मधुमेहात छातीत कळ न येताही हृदय कुरकुरत असतं. बसल्याजागी ठोके १०० च्या वर राहत असतील किंवा उभं राहताच वरचा दाब २० मिमीने उतरत असेल तर हृदयाच्या नसा बिघडल्याचा संशय घ्यावा. तिथे ही मुकी दुखणी जास्त.

---

तांब्याची तार

स्कॅनच्या आधी लघवी तपासा, लोकहो. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिन गळतंय त्याचं माप) ३० मिग्रॅ प्रति ग्रॅम किंवा जास्त असेल तर मूत्रपिंडासोबत सगळ्याच धमन्यांचं अस्तर बिघडल्याची ती खूण आहे. नमुना सकाळचा पहिला. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळी, आदल्या चोवीस तासांतला दणकून व्यायाम, साखर किंवा रक्तदाब खूप चढलेला, या सगळ्यांनी आकडा खोटा वाढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांतल्या तीनपैकी दोन नमुने वाढीव आले तरच शिक्का मारायचा.

रक्तात लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) आयुष्यात एकदा तपासा. ५० मिग्रॅ/डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल/लिटरपासून पुढे धोका वाढलेला. दोन्ही एककं वेगळी आहेत, एकातून दुसरं गुणाकाराने काढू नका. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४०० च्या वर असेल तर सूत्राने काढलेला एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) फेकून द्या आणि एचडीएल ('चांगलं') सोडून उरलेलं कोलेस्टेरॉल किंवा अपो-बी (वाईट कोलेस्टेरॉलच्या कणांवरचं प्रथिन) बघा.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही : पुरुषांमधला लिंग ताठ न होण्याचा त्रास. तिथल्या धमन्या १-२ मिमीच्या, हृदयाच्या ३-४ मिमीच्या. बारीक नळी आधी बोलते, आणि छातीच्या लक्षणांच्या दोन-तीन वर्षं आधी बोलू शकते. नुसती गोळी लिहून देऊन विषय संपवणं म्हणजे फुकट मिळालेली सूचना वाया घालवणं.

---

बिनसाखर

मानेच्या धमनीची सोनोग्राफी? तपासण्यांच्या पॅकेजात 'भिंतीची जाडी' असते.

---

तिसरा ठोका

जाडीवर निर्णय घेऊ नका. भिंत वर्षाला साधारण ०.०१ मिमीच्या घरात वाढते, आणि पेन्सिलीचा कोन किंवा तपासणाऱ्याचा हात बदलला की यापेक्षा कितीतरी मोठा फरक पडतो. 'गेल्या वर्षी ०.७८, यंदा ०.८४' म्हणून घाबरणं आणि 'यंदा ०.७२' म्हणून पेढे वाटणं, दोन्ही सारखंच निरर्थक. थराची गाठ आहे की नाही, ते मात्र विचारा. शेजारच्या भिंतीपेक्षा निदान ०.५ मिमी किंवा ५० टक्के आत आलेला उंचवटा, किंवा दीड मिमीपेक्षा जास्त जाडी, याला गाठ म्हणतात. ती असेल तर आजार आहे, प्रश्न मिटला.

मानेपासून मांडीपर्यंतच्या नाडीलहरीचा वेग सेकंदाला १० मीटरपेक्षा जास्त असेल तर महाधमनी ताठरली समजायचं. माहिती खरी, पण त्यावरून औषध क्वचितच बदलतं.

---

सव्वा वाजता

एबीआय नक्की कुणी करायचा? सगळ्यांनीच?

---

कंसातला

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचा रोख असा : वय ६५ पुढे, किंवा डोळा-मूत्रपिंड-नसा यांपैकी कुठेही बारीक वाहिन्यांचा आजार, किंवा पायाच्या तक्रारी, आणि निष्कर्षाने उपचार बदलणार असेल तर करा. मधुमेहाला १० वर्षं झाली आणि हृदयाचा धोका मोठा असेल तर विचार करा. पायाची जखम, गँगरीन, बसल्याजागी पाय दुखणं हे या यादीतलं नाही, तिथे तातडीने जायचं.

चालताना त्रास होतो पण एबीआय १.०० येतो, अशांना चालवून मोजा. ताशी ३.२ किमी, १२ टक्के चढ, जास्तीत जास्त पाच मिनिटं. ट्रेडमिल नसेल तर टाचा उचलायच्या, ५० वेळांपर्यंत. लगेच मोजल्यावर आकडा २० टक्क्यांहून जास्त घसरला, किंवा घोट्याचा दाब ३० मिमीहून जास्त, तर अडथळा आहे. 'लगेच' म्हणजे पहिल्या मिनिटात. गप्पा मारत जेल शोधलंत तर घसरण भरून येते. पायावर उघडी जखम किंवा तळपाय बधिर असेल तर टाचांचा प्रयोग नको.

---

तांब्याची तार

सापडल्यावर काय, तेही लिहा कुणीतरी. मी सुरू करतो. आजार सिद्ध झाला की एलडीएलचं उद्दिष्ट ७० वरून ५५ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली जातं, तंबाखू बंद, रक्तदाब काबूत. ॲस्पिरिन मनाने सुरू करू नका. आजार नसलेल्या १५,४८० मधुमेहींच्या 'असेंड' अभ्यासात (२०१८) वाहिन्यांचे गंभीर प्रसंग ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आले, पण मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेला. जवळजवळ फिट्टंफाट. सिद्ध आजारात हिशेब वेगळा, तो डॉक्टरांसोबत मांडायचा.

---

बिनसाखर

शेवटची शंका. अहवालात १.४५, खाली शेरा 'नॉर्मल', आणि पाय सुजतात म्हणून घट्ट मोजे घालायला सांगितलेत. घालावेत?

---

तिसरा ठोका

@बिनसाखर, आत्ता नाही. दाब देणारे मोजे एबीआय पाहून देतात, आणि इथे तो आकडाच विश्वासार्ह नाही. खाली रक्त मुळात कमी पोचत असेल तर वरून आवळल्याने कातडी मरू शकते, आणि बधिर पायाला ते कळणारही नाही. आधी अंगठ्याचा दाब आणि आलेख करून घ्या. प्रयोगशाळेकडून सहा दाब लेखी मागा. 'दबत नाही' असं एकाही घोट्यासमोर लिहिलेलं असेल तर 'नॉर्मल' हा शेरा खोडून घ्या. तोवर सुजेसाठी पाय आडवे ठेवा, हृदयाच्या फार वर टांगू नका, आणि रोज तळवा आरशात बघा.